चार मिनिटांचा काळोख

मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, पण त्यांचा जीव पहिल्यापासून एकाच गोष्टीत अडकलेला: सिनेमा बघायचा आणि त्यावर लिहायचं. लिहायचं ते एका छोट्या मासिकात. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, डगमगणारी तीन टेबलं, आणि कुणा बड्या निर्मात्याची जाहिरात घ्यायची नाही हा बाणा. या बाण्यापायी मासिक कैकदा बंद पडायच्या बेताला आलं होतं.

मासिकाच्या संपादकबाई म्हणजे अजब प्रकरण. लेख हातात येईपर्यंत त्या तो सिनेमा बघत नसत. वाचकाने पाहिलेला नसतो, तसाच मीही पाहिलेला नको, असं त्यांचं म्हणणं. लेख वाचून सिनेमा डोळ्यांसमोर उभा राहिला तर छापायला, नाहीतर केराच्या टोपलीत. शिवाय अंकाची तपासणीची पानं छापून येईपर्यंत लिहिणाऱ्यांनी त्या सिनेमाबद्दल आपसात चकार शब्द काढायचा नाही. एकाचं मत दुसऱ्याला चिकटतं, सर्दीसारखं, म्हणून. तोंडाळ माणसांचा तिथे जीव गुदमरायचा. मास्तर मात्र अठ्ठावीस वर्षं या नियमांत सुखाने नांदले.

या खेपेचा सिनेमा होता पुलावरच्या एका रखवालदाराचा आणि रुसून घर सोडून गेलेल्या त्याच्या लेकीचा. शेवटी ती परत येते. दार वाजतं, भांड्याचा आवाज होतो, दोघांचे श्वास ऐकू येतात, आणि चार मिनिटं पडदा काळाकुट्ट. मास्तर खुर्चीत खिळून राहिले होते. घरी येऊन त्यांनी एका बैठकीत लेख लिहून काढला. बाप-लेकीची भेट न दाखवण्याची ही छाती कोणाची आहे, प्रेक्षकावर एवढा विश्वास कोण टाकतं, असं दोन रकाने भरून लिहिलं. बाईंनी वाचला आणि कधी नव्हे ते म्हणाल्या की मास्तर, तुम्ही काळोखसुद्धा दाखवता. लेख पहिल्या पानावर घेतला.

बुधवारी सकाळी पानं आली आणि सगळ्यांच्या जिभा मोकळ्या झाल्या. मासिकात नवीन लागलेली एक मुलगी होती, तिला सगळे चष्मेवाली म्हणत. मास्तरांचं पान अजून तिच्या हाती पडलं नव्हतं. आपलं पान तपासता तपासता ती म्हणाली, "मास्तर, शेवटी त्या बापाचा चेहरा पाहिलात? मला तर रडूच आवरेना."

मास्तरांनी हातातलं पान खाली ठेवलं. "हो," ते म्हणाले, "चांगला आहे."

पुढे ती काय बोलली ते त्यांच्या कानांत शिरलंच नाही. ते जिन्यापाशी येऊन कठडा घट्ट धरून उभे राहिले. चेहरा. म्हणजे पडद्यावर चित्र होतं. थिएटरात शंभर माणसांनी ते पाहिलं, आणि अठ्ठावीस वर्षं सिनेमे बघणारा हा शहाणा काळोखाचे गोडवे गात बसला.

चूक झाली याची त्यांना लाज वाटली, पण ती वरवरची. खाली जे होतं ती भीती होती, निव्वळ भीती. मास्तरांच्या वडिलांचे डोळे असेच गेले होते. आधी अंधारातलं दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि शेवटची अकरा वर्षं ते भिंत चाचपत संडासापर्यंत जायचे. गेल्या वर्षी मास्तरांनी तीन सिनेमांना ‘अकारण अंधारे’ म्हणून झोडपलं होतं. थिएटरच्या मालकाला पत्र पाठवून यंत्रातला दिवा बदला म्हणून भांडलेही होते. मालकाने दिवा नवाच असल्याचं कळवलं, तेव्हा मास्तरांनी त्याला खोटारडा ठरवलं. आता एकेक गोष्ट आठवायला लागली तसा त्यांना दरदरून घाम फुटला.

अंक संध्याकाळी सहाला छापायला जाणार होता. तीनचा खेळ होता. मास्तर तडक घरी गेले आणि बायकोला म्हणाले, चल, सिनेमाला. ती एका दुकानासाठी कपडे बेतून, दुरुस्त करून देत असे आणि सिनेमात तिला काडीचा रस नव्हता. एरवी तिने शंभर कारणं सांगितली असती. आज तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुई कापडात खोचून मुकाट्याने उठली.

ते अगदी पुढच्या रांगेत बसले. दिवसाउजेडी घडणारे प्रसंग मास्तरांना स्वच्छ दिसत होते. पूल, नदी, लेकीची पिवळी पिशवी. दिसतंय की, असं ते स्वतःला बजावत होते, उगाच घाबरलो, ती पोरगी दुसऱ्याच कुठल्या प्रसंगाबद्दल बोलली असेल. माणूस बुडायला लागला की असल्या काड्या बऱ्या सापडतात. मग दार वाजलं. भांड्याचा आवाज झाला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला, मान तिरकी करून पाहिलं. काही नाही. मागे कोणीतरी नाक ओढलं. सगळं थिएटर काहीतरी बघत होतं आणि ते एकटे बाहेर राहिले होते.

"अगं," ते कुजबुजले, "काय चाललंय?" आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना.

बायको त्यांच्या कानाशी झुकली. म्हणाली, "काही नाही हो. अंधारच आहे."

मास्तर गार पडले. ही बाई जन्मात खोटं बोलली नव्हती. शेजारणीने नवी साडी दाखवली तरी रंग विटका आहे म्हणून तोंडावर सांगणारी. आणि आज इतक्या मऊ आवाजात, इतक्या चटकन खोटं बोलली, म्हणजे ते तिच्या ओठांवर कधीचं तयार असणार. भर दुपारी घरातल्या बोळकांडीतला दिवा जळता का असतो, बाहेर पडलं की ही नेहमी डावीकडूनच का चालते, पाण्याचा पेला नेमका हाताखाली कसा येतो, हे त्यांना तेवढ्यात कळलं. तिला ठाऊक होतं. किती दिवसांपासून कोण जाणे.

"मला दिसत नाहीये," मास्तर म्हणाले. "तू सांग."

तिने त्यांचा हात पकडला. मग ती कापड बघून सांगावं तसं सांगायला लागली. अगदी मंद उजेड आहे. म्हातारा ओट्यापाशी उभा आहे. मुलगी खाली बसलीये. त्याने तिच्याकडे अजून पाहिलेलं नाही. आता पाहिलं. त्याला रागवायचंय, पण ओठ जमत नाहीयेत. अहो, त्याने भाताचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं. तिने तोंड फिरवलं. आता खातेय. मास्तर काळ्या पडद्याकडे डोळे ताणून ऐकत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते म्हाताऱ्यासाठी की स्वतःसाठी हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

पडद्यावरची नावं संपायच्या आधीच ते उठले. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर आले, आयुष्यात पहिल्यांदा. सव्वापाच वाजले होते. तिकीट खिडकीशेजारच्या फोनवरून त्यांनी मासिकाचा नंबर फिरवला. वाटेत दोन-तीन थापा जुळवल्या होत्या: लेख पुन्हा वाचून पसंत पडला नाही, जरा लांबलाय, पुढच्या अंकात टाकू. एवढ्यावर भागलं असतं. पुढचे चार-सहा महिने उजेडातले सिनेमे मागून घेतले असते, तर कोणाला पत्ताही लागला नसता.

बाईंनी फोन उचलला. मास्तरांनी पहिलं पान थांबवायला सांगितलं. छपाईवाला दारात उभा आहे, कारण काय ते सांगा, असं बाई जरा चढ्या आवाजात म्हणाल्या.

"माझा लेख चुकलाय. शेवटी काळोख नाही, चित्र आहे."

बाईंचा आवाज खाली आला. "मास्तर, तुम्ही? तुम्ही सिनेमा नीट पाहिला नाहीत?"

बायको शेजारी उभी होती, तिच्या बाहीचा काठ त्यांनी मुठीत धरून ठेवला होता.

"नीटच पाहिला, बाई," ते म्हणाले. "मला दिसला नाही."