उलंगवाडीनंतरचं मैदान

रंगराव कुणावरही विश्वास ठेवत नाही, हे अख्ख्या रिसोडला माहीत आहे आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. वांग्याचं कॅरेट तो घरी स्वतःच्या काट्यावर मोजतो, बाजारात अडत्याच्या काट्यावर पुन्हा मोजतो, आणि दोन्हीकडे वजन सारखं भरलं तर जास्तच काळजीत पडतो. दर तीन महिन्यांनी सातबारा काढायचा, त्यावर आपलं नाव शाबूत आहे ना ते बोट ठेवून वाचायचं, आणि तो कागद बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून ठेवायचा, हा त्याचा नेम. बायको गोजराबाई म्हणते, पिशवीत बियाणं असतं तर एखादं पीक तरी आलं असतं.

पण संशय काही आभाळातून पडला नव्हता. रंगरावचा बाप भोळा होता. वावरातून बसस्टँडकडे जायला जवळ पडतं म्हणून लोकांनी विचारलं, बाप म्हणाला, जा. आधी पायवाट पडली, मग बैलगाडी जायला लागली, मग कुणीतरी मुरूम टाकला, आणि एक दिवस ती वाट नकाशावर आली. वावराचे दोन तुकडे झाले. वहिवाट हा शब्द रंगराव विसाव्या वर्षी तहसील कचेरीत शिकला आणि पुढं आयुष्यभर ताकही फुंकून प्यायला.

त्या दोन तुकड्यांपैकी वरचा, दीड एकराचा, डांबरी सडकेला लागून आहे. एका टोकाला कडुनिंब, दुसऱ्या टोकाला धुरा, म्हणजे हरळीनं माजलेला हातभर उंचीचा बांध. धुऱ्यापलीकडचं वावर गेल्या वर्षी मुकेश नावाच्या प्लॉटवाल्यानं घेतलं, तेव्हापासून रंगराव सकाळी दात घासतानाही तिकडेच तोंड करून उभा राहतो.

यंदा मार्चात हरभरा निघाला आणि चार दिवसांनी निकिता आली. ही शिरपूर जैनची मुलगी, रिसोडच्या एका शाळेत खेळ शिकवते. स्कूटी सडकेवर लावून ती वावरात चालत आली, वाकून माती चिमटीत घेतली, पायानं दाबून पाहिली. रंगरावनं हे सगळं कडुनिंबाआडून पाहिलं. माती तपासणारा माणूस एकतर शेतकरी असतो नाहीतर दलाल, आणि ही शेतकरी दिसत नव्हती.

तिचं म्हणणं सरळ होतं. या भागात पोरापोरींच्या कबड्डीच्या स्पर्धा चार वर्षांपूर्वी सुरू झाल्या तेव्हा सहा संघ होते. आता एकतीस झाले, त्यातले चौदा मुलींचे, आणि मैदानं होती त्याहून कमी झाली. एका मैदानावर लग्नाचा मांडव, दुसऱ्यावर गाळे उभे राहिले, बाजाराच्या आवारात तुरीचे ढीग. जे उरतं ते मुलांना आधी मिळतं. मुलींचे सामने भर दुपारी दोनला होतात, नाहीतर होतच नाहीत. काळ्या जमिनीला भेगा पडतात, सोयाबीनच्या वावरात खुटं पायात घुसतात. रंगरावची जमीन हलकी, मुरमाड, आणि हरभरा त्यानं हातानं उपटलेला. म्हणून हे वावर दोन महिन्यांसाठी द्यावं.

रंगरावनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुले याच्यातून काय भेटते?"

"काईच नाई, काका."

"मंग येवढ्या उनात कायले फिरून राह्यली?"

ती म्हणाली, पोरींना खेळायला जागा पाहिजे म्हणून. रंगरावला हे उत्तर मुळीच पटलं नाही. पाच टक्के मागणारा माणूस त्याला कळायचा, दहा टक्के मागणाराही कळायचा. काहीच न मागणाऱ्याचं पाणी कुठंतरी मुरतंच. त्यानं नाही म्हणून सांगितलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. ती थोडा वेळ धुऱ्यावर बसली, पदरचं पाणी बाटलीतून प्याली आणि गेली.

संध्याकाळी गोजराबाईला हे कळलं. पाणी विचारलं नाही यावरून ती आधी बोलली आणि बराच वेळ बोलली. मग मूळ मुद्द्यावर आली.

"उलंगवाडी झाली का गावाच्या शेळ्या तुमच्या वावरात फिरतेत," ती म्हणाली. "शेळ्याइले तुमी कधी सातबारा मांगला नाई. पोरीइलेच कायले मांगून राह्यले?"

 वऱ्हाडात शेवटचं पीक घरात आलं की उलंगवाडी होते. मग वावरं सगळ्यांच्या जनावरांना मोकळी. कुणी कुणाला विचारत नाही, आणि पेरणी जवळ आली की जनावरं आपोआप बाहेर. शेकडो वर्षं शेळ्या चरल्या, पण उलंगवाडीच्या चराईवरून कुण्या शेळीवाल्यानं वहिवाट सांगितल्याचं रंगरावनं ऐकलं नव्हतं. रात्रभर विचार करून त्यानं सकाळी निरोप धाडला. उलंगवाडीच्या रीतीनं वावर वापरा, अक्षयतृतीयेला बाहेर. खुंटी ठोकायची नाही, खांब रोवायचा नाही, फलक लावायचा नाही. रेघा मारायच्या त्या पांढऱ्या फक्कीच्या, आणि संध्याकाळी त्या पुसल्या जातील.

पुसल्या जातील म्हणजे रंगराव स्वतः पुसणार होता. पोरी घरी गेल्या की तो बोरीची फांदी ओढत वावरात आखलेल्या दोन्ही मैदानांवरून फिरे आणि पांढरं मातीत मिळवून टाकी. आज रेघ राहिली तर उद्या ती खूण होते आणि परवा हक्क, असं त्याचं गणित. पोरी रोज सकाळी येऊन टेप धरून सगळं मैदान नव्यानं आखत. पहिले काही दिवस त्या कुरकुरल्या. मग सुप्रिया नावाच्या रिसोडच्या कर्णधारानं एक वही केली. कडुनिंबाच्या खोडापासून पहिली रेघ किती फुटांवर, शेवटच्या रेघेपासून धुरा किती फुटांवर, सगळं तिनं लिहून ठेवलं, आणि रोज त्याच मापानं आखून तारीख टाकायला लागली. ही पोरगी काय लिहिते, म्हणून रंगराव वहीवरही नजर ठेवून होता.

खरं तर तो सगळ्यावरच नजर ठेवून होता. एका बापानं मोबाईलवर फोटो काढला, तर रंगराव त्याच्यामागं जाऊन उभा राहिला. बघे सडकेवरून तिरपे यायला लागले आणि कोपऱ्यात पायवाटेसारखं काही उमटलं. तिथं त्यानं काटे आणून टाकले. मात्र असा पहारा देता देता त्याला किन्हीराजा गावाच्या संघातली कोणती पोर डावीकडून पकडते आणि शिरपूरची चढाईला आली की कुठं चुकते, हे पाठ झालं होतं. रिसोडच्या पोरी अंतिम सामन्यात पोचल्या त्या दिवशी तो जेवताना गोजराबाईला त्या शेवटच्या पकडीबद्दल सांगत होता. तिनं आणखी एक भाकर वाढली.

अंतिम सामना रविवारी दहाला, शिरपूरच्या मुलींशी. रविवारी उजाडता उजाडता रंगराव वावरात गेला आणि जागीच थिजला. धुऱ्याच्या अलीकडे, चांगली दहा-अकरा फूट आत, चुन्याची सरळ रेघ सडकेपर्यंत गेली होती. रेघेवर दर वीस पावलांना लोखंडी खुंटी.

त्याला एकदम बापाची वाट आठवली. बोट दिलं की मनगट, हेच शेवटी झालं. पोरी पुढं केल्या, पोरींच्या मागं बाई, आणि बाईमागं कोण होतं ते आता कळेल. आपण त्या पोरींच्या पकडीचं कौतुक करत बसलो याचा त्याला स्वतःचाच राग आला. त्यानं खुंट्या उपटून विहिरीकडे फेकल्या, भावकीतला ट्रॅक्टर आणला आणि वावर नांगरायला घेतलं. गोजराबाई आडवी आली तर तिचंही त्यानं ऐकलं नाही. मैदानं गेली, चुन्याची रेघ गेली, आणि दर फेरीला ट्रॅक्टर वळवायला जागा पुरेना म्हणून तो धुऱ्यावर चढवला. साडेनऊला शिरपूरची जीप आली तेव्हा तिथं फक्त ढेकळं होती.

निकितानं विचारलं, काय झालं. रंगरावनं नाही नाही ते सुनावलं, पोरींच्या देखत.  तिनं एवढंच सांगितलं की आमच्याकडे एकही खुंटी नाही, तुम्हीच नको म्हणाला होतात. मग ती मुलींकडे वळली. दुसरं मैदान मिळेना, मांडव अजून उभा होता, शिरपूरच्यांना परत जायचं होतं. शेवटी सडकेच्या कडेला उभं राहून चिठ्ठ्या टाकल्या आणि करंडक चिठ्ठीनं शिरपूरला गेला. सुप्रिया रडली नाही. तिनं वही दप्तरात घातली आणि चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी धुऱ्यापलीकडे मुरुमाचा टिप्पर आला. मुकेश खाली उतरला आणि फार गोड आवाजात म्हणाला, "रंगरावभाऊ, माह्या मोजणीच्या खुंट्या तुमी उपटल्या म्हनते. जाऊ द्या. धुरा कुठं होता तेवढं दाखवा, म्या तिथंच तारेचं कुंपण टाकतो."

रंगरावनं मान वळवली. धुरा नव्हता. होती ती सलग तांबूस ढेकळं, आपल्या वावरातून मुकेशच्या वावरात गेलेली, आणि त्यावर ट्रॅक्टर फिरवणारा हात त्याचाच. पिशवीतले सगळे सातबारे क्षेत्र सांगत होते, पण रेघ कुठं ते एकही सांगत नव्हता. बापानं धुऱ्याखाली खुणेचा दगड पुरला होता हे त्याला माहीत होतं, पण दगड एक आणि धुरा पाचशे फूट लांब. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि सुळीही आपल्याच वावरात रोवली, हे त्याला त्या क्षणी कळलं. इतकी शरम त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

निकिताच्या शाळेत गोजराबाई गेली. रंगरावला न सांगता गेली. तासाभरानं ती परत आली तेव्हा बरोबर निकिता होती, सुप्रिया होती, टेप होता आणि ती वही होती.  सुप्रियानं टेपचं टोक कडुनिंबाच्या खोडाला लावलं आणि वहीतून वाचत गेली. एकशे अठरा फुटांवर ती थांबली. ढेकळं बाजूला केली तर खाली हरळीच्या पांढऱ्या मुळ्यांची जाळी निघाली. मुकेश म्हणाला, पोरींच्या वह्या सरकारात चालत नाहीत. कुणी त्याच्याशी वाद घातला नाही. मुळ्यांच्या रांगेनं कुदळ मारत गेले आणि सडकेजवळ दगडाचा आवाज आला.

त्यावर चुन्याचा जुना डाग होता. तो बापाच्या हातचा, हे रंगरावनं ओळखलं. मुकेशनं फोन कानाला लावला आणि टिप्पर मागं घ्यायला सांगितलं. सरकारी मोजणीचा अर्ज करा, तोवर हा दगड झाकू नका, असं निकितानं गोजराबाईला सांगितलं, आणि ती सुप्रियाला घेऊन गेली.

पुढचे तीन दिवस रंगराव वखर आणि मग माती सपाट करायची फळी फिरवत होता. ढेकळं फोडली, पाणी शिंपडलं, पुन्हा फळी फिरवली. एप्रिल सुरू झाला होता, अक्षयतृतीयेला अजून अवकाश होता. चौथ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून शाळेत गेला. निकिता व्हरांड्यात मुलींच्या नावांची यादी करत बसली होती. त्यानं उभ्यानंच सांगितलं की वावर तयार आहे, राहिलेला सामना तिथं घ्या, आणि पुढच्या वर्षी हरभरा निघाला की विचारायलाही येऊ नका, सरळ रेघा मारा. खांब रोवायचा तर रोवा.

निकितानं यादीवरून मान वर केली. त्याच्याकडे तिनं नीट पाहिलं, सदऱ्याकडे, हाताला पडलेल्या फोडांकडे, पुन्हा चेहऱ्याकडे. ही नजर रंगरावच्या चांगल्या ओळखीची होती. आजवर ती त्याची स्वतःची होती.

"काका," ती म्हणाली, "तुमाले याच्यातून काय भेटते?"

"काईच नाई," रंगराव म्हणाला. बोलला आणि त्याला कळलं की हे उत्तर किती खोटं वाटतं.

 मुलींना विचारून सांगते, एवढंच ती म्हणाली, आणि वर्गाकडे गेली. रंगराव व्हरांड्यातल्या बाकावर बसला. आतून मुलींचे आवाज येत होते, एक मोठ्यानं नाही म्हणत होती, ती सुप्रिया असावी. ऊन पायांपर्यंत आलं. उठून जावं असं त्याला दोनदा वाटलं, पण तो बसून राहिला.

बऱ्याच वेळानं निकिता बाहेर आली. उत्तर अजून ठरलं नव्हतं. तिच्या हातात पाण्याचा गिलास होता, तो तिनं रंगरावपुढं धरला.