लिओनाची पाच मिनिटं

लिओना कांगास उत्तर अमेरिकेतल्या डुलूथ शहरात चढावरच्या वस्तीत राहते आणि शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करते. तिचा मुलगा डेरिल गेल्या ऑक्टोबरात खाणीवरच्या अपघातात गेला. मागे राहिली त्याची काळी मोटरसायकल. दर मे महिन्यात त्याचे मित्र सुपीरियर सरोवराच्या काठाने उत्तरेला गाड्या काढतात. यंदा त्यांच्यात डेरिलची गाडीही असेल, असं लिओनाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ती चालवणार होता डेरिलचा दोस्त, शेजारचा मेकॅनिक ओरिन.

म्हणून तिने हिवाळाभर गाडी जपली. दर रविवारी चर्चमधून आली की कोट न काढता ती गॅरेजात जायची, इंजिनावरची रजई बाजूला करायची आणि गाडी सुरू करायची. पाच मिनिटं. डेरिल असंच करायचा. थंडीत तेल मधासारखं घट्ट होतं, ते पातळ होऊन वर चढेपर्यंत गाडीला घाई करायची नाही, असं तो म्हणे. ती पाच मिनिटं लिओनाने स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं ऐकली होती. मग तो निघून जायचा आणि बऱ्याच वेळाने परतायचा. मधल्या वेळात गाडीचं काय व्हायचं, ते तिला ऐकू येत नसे.

मार्चअखेर इंजिनातून ठोके येऊ लागले. तिने ओरिनला हाक मारली.

त्याने तेलाचं झाकण उघडलं. आतून दुधाळ, पिवळट साय धरली होती.

"तुमच्या कॅन्टीनची कॉफी ओतलीत की काय, मिसेस कांगास?"

ती हसली. ओरिनने खालचं तेल भांड्यात सोडलं. त्यात धातूचा चुरा चमकत होता. त्याने तो चिमटीत चोळून पाहिला.

"काय झालं रे?"

"पाणी झालंय आत. इंजिन चालू झालं की वाफ धरते. गाडी चांगली पळवली, तेल खरंच तापलं, की ती उडून जाते. पाच मिनिटांत नुसती साचते. ते पाणी तळाशी तेल वर खेचणाऱ्या जाळीवर गोठलं. वर तेल गेलंच नाही. इंजिन गेलं."

"म्हणजे मी हातच लावला नसता तर?"

ओरिन हात पुसत राहिला.

"बोल ना, मेल्या."

"तर धडधाकट असती."

लिओना रजईची घडी घालू लागली. "दर रविवारी तुला पलीकडे ऐकू येत होतं."

"येत होतं."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"गाडी सुरू झाली की मी रेडिओ बंद करायचो. वाटायचं, डेरिल निघालाय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता."

मे महिन्यात मित्र निघाले. ओरिन स्वतःच्या गाडीवर होता. लिओनाच्या दारापुढे सगळे थांबले, पण इंजिनं कुणी बंद केली नाहीत. ती बाहेर आली, थोडा वेळ कान देऊन उभी राहिली.

"निघा आता," ती म्हणाली. "उभ्या उभ्या गाड्या चालू ठेवू नका."