नंदोईंची चाळीस जनावरं

आमच्या नंदोईंएवढा जनावरांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या दारव्हा तालुक्यात झाला नसेल, आणि गंमत म्हणजे त्यांच्या दारात कधी एक शेळीसुद्धा नव्हती. जनावरं सगळी पत्त्यांतली. तीन तोंडांची, शिंगांवर दिवे लावलेली, पाठीवर डोंगर वाहणारी. नंदोई म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, जन्मभर एसटीत कंडक्टर. नोकरीच्या शेवटच्या वर्षी कोणाचा तरी हा पत्त्यांचा गठ्ठा गाडीत सीटवर राहिला. नंदोई आठवडाभर प्रत्येक थांब्यावर दारात उभे राहून विचारायचे, "कोनाचे जनावरं राह्यले का गाडीत?" लोक आपापल्या पिशवीतल्या कोंबड्या चाचपून पाहायचे. मालक काही सापडला नाही, आणि परत करायचे म्हणून जपलेल्या पत्त्यांचाच हा माणूस होऊन बसला.

खेळ तसा सोपा. दोघांनी समोरासमोर बसायचं, प्रत्येकाजवळ आपण जुळवलेले चाळीस पत्ते. काही पत्ते जनावरांचे, ती मैदानात उतरून भिडतात. काही मंत्रांचे, ते टाकले की समोरचं जनावर आडवं होतं, नाहीतर आपलं मेलेलं उठून उभं राहतं. मात्र कोणते चाळीस घ्यायचे, सगळी मेख त्यात. नंदोई यवतमाळच्या खेळण्यांच्या दुकानातून पत्त्यांची पुडकी आणायचे आणि आमच्या ओसरीत मांडून बसायचे. एक घालायचे, एक काढायचे, काढलेल्याची माफी मागायचे. "पहिल्याच डावाले हत्ती घेऊन काय करता, वहिनी? त्याले उठालेच येळ लागते. चपळ जनावरं दारापाशी उभी पायजे. जडवाली मांगच्या सीटवर." नावं इंग्रजी, म्हणून सगळ्यांचं बारसं त्यांनी नव्यानं केलं. एक फुगलेला बेडूक होता, तो लढत नसे, नुसता वाट अडवून बसे. त्याचं नाव 'डेपोतले साहेब'. नणंद भाकरी थापता थापता म्हणायची, "माह्यासाठी एक लुगडं असं निवडून आनलं असतं ह्या मानसानं, तर मी बी शिंगं लावून बसली असती."

पण त्यांच्या चाळीसांत मंत्र एकही नसायचा. त्यांच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्या दिवसापासून त्या घरात गंडा, दोरा, अंगारा काही शिरलं नव्हतं. मग पत्त्यांत मंत्र कसा शिरावा? खेळणारी पोरं सांगायची, नुसत्या जनावरांवर कोणी जिंकत नाही. नंदोई म्हणायचे, "आपलं जनावर आपल्या ताकदीनं लढन. मेलं तं मेलं." सरावाला मात्र समोर मंत्रवाला लागायचा, आणि ती कामगिरी माझ्यावर. मीही दीक्षेच्याच घरातली, पण खोटं कशाला सांगू, मंत्र टाकायची मला चांगलीच चटक लागली होती. कुकरची शिट्टी होईपर्यंत मी त्यांचा निम्मा कळप आडवा करायची. "लय दुष्ट खेळता तुमी," ते कौतुकानं म्हणायचे, आणि पुन्हा पिसायला घ्यायचे.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागली की ती सरायचं नावच घ्यायची नाही. आमच्या गाडीजवळ नंबर धरून बसायला नंदोई आपणहून जायचे, कारण तिथं खेळायला माणसं फुकट मिळायची. बोरी अरब गावचे मोठमोठ्या मिशांचे बाप्ये गंजीच्या सावलीत बसून तीनतोंड्याला बेडकावर सोडायचे आणि कापसाच्या भावाचं बोलणं तेवढा वेळ बंद राहायचं. नागपूरला स्पर्धा आहे हे कळलं तेही तिथंच. वयाची अट घालायचं भरवणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. नंदोई गाडीच्या धुऱ्यावर उभे राहिले आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलून बसले, "एकबी मंत्र न घेता जिंकून दाखवतो." आता माघार नव्हती. आणि निघायच्या आदल्या दिवशी आमच्याच बैलानं शिंगवाल्या गेंड्याचा पत्ता चघळून खाल्ला.

"नागपुरात दुसरा घेऊ," म्हणत मला सोबत घेऊन ते निघाले. हॉलवर पाहतो तर विकायला पुडकं उरलेलं नाही. टेबलावरचा माणूस म्हणाला, "एकोणचाळीस भरतात. चाळीस करा, नाहीतर नाव कापतो." मागे एक चष्मेवाली कॉलेजची पोरगी उभी होती. तिनं आपला जास्तीचा पत्ता पुढे केला. मेलेलं जनावर उठवणारा मंत्र, फार भारी समजतात तो. मी कानात म्हटलं, "घ्या न भाऊजी, चाळीस तर भरतील. डावात टाकू नका तो."

"वहिनी, तिकीट फाडलं म्हंजे पॅसेंजर बसलाच."

मग ते हॉलकडे वळले आणि कंडक्टरचा आवाज काढला, "कोनाजवळ एखांदं जनावर जास्तीचं हाय काय?" सगळा हॉल हसला. कोणीतरी एक ससा आणून दिला, खेळातलं सगळ्यांत मरतुकडं जनावर. नंदोईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

आणि काय खेळले हो ते. दारापाशी उभी केलेली चपळ जनावरं समोरच्याला मंत्र जुळवायला फुरसतच देत नव्हती. पहिला गडी गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला तर डेपोतल्या साहेबांनी जागचं हलू दिलं नाही. पोरं खुर्च्यांवर चढली होती आणि मी, या वयात, त्यांच्यातच. शेवटचा डाव त्या चष्मेवालीशी. नंदोईंना फक्त एक घाव हवा होता. पोरीनं मंत्र टाकून त्यांचा तीनतोंड्या आडवा केला. आता गठ्ठ्यातून काय येतं त्यावर सगळं. आला ससा. ससा बिचारा गेला मैदानात, आणि तिथंच संपलं.

टाळ्या थांबल्यावर पोरगी म्हणाली, "काकाजी, सशाच्या जागी माझा पत्ता राहिला असता तर तुम्ही जिंकला असता."

"व्हय," नंदोई पत्ते गोळा करत म्हणाले. "माह्या लहान्या भावाले वावरात साप चावला होता, बेटा. दवाखान्यात न्याचं सोडून मांत्रिकाच्या आंगनात नेऊन ठेवला. मंतर रातभर चालू होता."

 पोरीनं आपला गठ्ठा उलटा केला, एकेक मंत्र वेगळा काढला आणि त्यावर बक्षिसाचा कप ठेवून दिला. उरलेल्यांत आपली जास्तीची जनावरं भरली आणि म्हणाली, "पिसा, काकाजी."

दारव्ह्याची शेवटची गाडी सुटायला आली होती. मी तसं म्हटलं, तर ते वर न पाहताच म्हणाले, "जाऊ द्या तिले."

नंदोई आता नाहीत. तो डाव कोण जिंकलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की हॉलमधल्या खुर्च्या उचलून नेत होते, आणि त्या दोघांच्या मध्ये नुसती जनावरं एकमेकांवर धावून जात होती, आणि मेलेलं कोणी परत उठत नव्हतं.