कोतरातली वाट

कुमुदकाकू सायकलला घोडं म्हणायच्या. गंमत म्हणून नव्हे, अगदी सहज. "घोडं सावलीत घे." "घोड्याला पाज जरा," म्हणजे चेनला तेल घाल. त्यांचे आजोबा बडोदे सरकारच्या पागेत होते. घरात त्यांच्या वेळचं काही उरलं नव्हतं, भाषा तेवढी उरली होती. उतारावर घाबरून मी पुढचा ब्रेक आवळला की मागून आवाज यायचा, "तोंड आवळू नको गं त्याचं. बिथरतं आणि पाडतं."

मी परभणीकडची. आठवीनंतर शाळा सुटली. भावाच्या ओळखीने नंदेसरीला एका कारखान्यात पॅकिंगला लागले आणि रावपुऱ्यात काकूंच्या मागच्या खोलीत राहू लागले. भाऊ पुढे सुरतेला गेला, मी इथेच राहिले. तेव्हा मला कशाची भीती वाटायची नाही ते विचारा. बस चुकेल, सुपरवायझर बोलेल, लोक गुजरातीत काही विचारतील, गॅस चालू राहिला असेल. दाराला कडी लावून जिना उतरायचे आणि पुन्हा वर जाऊन बघायचे. काकू ओट्यावर चहा घेत हे रोज बघत असत. एके दिवशी म्हणाल्या, "कडी काय पळून जाते का, सुनंदा? भीतीच वाटून घ्यायची तर जरा कामाची तरी घे. रविवारी चल माझ्याबरोबर."

काकू शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आवाज असा की रिक्षावाले सुद्धा रांगेत उभे राहावेत. बडोद्याबाहेर एक मोठं तळं आहे आणि त्याच्या एका अंगाला झाडीचं उद्यान. साग, खैर, मोह, रायण. पाळीवरच्या वाटेला मगरीची पाटी लावलेली आहे आणि ती शोभेची नाही. डोंगरी सायकली घेऊन तिथे बरेच जण येतात. ते ट्रेल म्हणतात, काकू वाट म्हणायच्या, आणि त्यातल्या बऱ्याच वाटा काकूंनीच काढलेल्या होत्या. चौकीदाराला विचारून, कोयता-फावडं घेऊन, आधी किती तरी दिवस नुसतं पायी हिंडून. नवख्यांसाठी तळ्याभोवतीचा मोठा फेरा. मग रायणींच्या सावलीतून वळत जाणारी एक वाट. आणि शेवटी कोतरातली. इथे घळीला कोतर म्हणतात.

पहिल्या रविवारी मी मोठ्या फेऱ्यावरच रडले. मगरीच्या पाटीशी सायकल टाकून बसून राहिले. काकू शेजारी बसल्या. "निरांते," म्हणाल्या. त्यांच्या मराठीत गुजराती अशी मिसळलेली असायची की वेगळी काढता येऊ नये. निरांते म्हणजे सावकाश, घाई नको. "आणि दगडाकडे बघू नको. दगडाकडे बघणाऱ्याला दगडच भेटतो. वाटेकडे बघ." एवढंच. धीर देणं त्यांना जमायचं नाही. पण मी उठेपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि त्यांच्यामागे थांबलेल्या माणसांना त्यांनी शिंगावर घेतलं. "हेरान कशाला होता? जंगल कुठे निघून चाललंय?" माझ्यासाठी कोणी असं थांबलं, ते पहिल्यांदा. ते मी विसरणार नाही.

हार्दिक त्यांचा लाडका. बावीस वर्षांचा, प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधला, बाप वर्कशॉपात फिटर. काकूंना माशी म्हणायचा, मावशी. "माशी, तमे तो घोडागाडी चलावो छो," असं म्हणून पुढे निघून जायचा. काकू मागून म्हणायच्या, "तू आधी बैलगाडी शीक." कोतरातली वाट त्याच्याच हट्टाची. एक तरी वाट अशी काढा की खाली पोचल्यावर पोट वर राहिलंय असं वाटलं पाहिजे, म्हणायचा. काकूंनी काढली. दोन सागांच्या मधून खाली झेपावायचं, मग एकदम डावीकडे वळायचं. वळणाच्या खाली कोरडा ओहोळ, सगळे दगड. वळण रुंद करायचं तर एक रायण तोडावी लागली असती. काकूंनी रायणीला हात लावू दिला नाही. वळण अरुंद राहिलं.

थंडीच्या दिवसांत, कोरड्या भुसभुशीत मातीवर, हार्दिक त्या वळणावर चुकला. हेल्मेट होतं डोक्यावर. आम्ही वर होतो. फारसा आवाज सुद्धा आला नाही. आम्ही खाली उतरलो तर काकू आधीच पोचलेल्या. दगडात मांडी घालून बसल्या आणि त्याची मान हलू नये म्हणून दोन्ही हातांनी डोकं धरून राहिल्या. ॲम्ब्युलन्सच्या माणसाने सांगितलं, "बेन, हवे छोडी दो." आता सोडा. धरून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी सोडलं नाही. मला त्यांची बोटं एकेक करून उचलावी लागली.

बेसण्याला, म्हणजे दुखवट्याला, आम्ही दोघी गेलो. पांढऱ्या चादरीवर माणसं बसलेली, मध्ये त्याचा फोटो. त्याचे वडील भरतभाई उठून आले, काकूंपुढे हात जोडले. "मोहितेबेन, तमारो कोई वांक नथी." तुमचा काही दोष नाही.

"वांक कसा नाही, भरतभाई? वाट मी काढली. झाड वाचवलं, वळण नाही."

 काकूंना बसा म्हणायचं भरतभाईंना सुचलं नाही.

पुढे जे झालं ते मला वाटतं अजून वाईट. हार्दिकच्या मित्रांनी त्या उताराला त्याचं नाव दिलं. एका दगडावर रंगाने नाव लिहून तो वरच्या टोकाला ठेवला, हार घातला. दर रविवारी नवी पोरं यायला लागली, मोबाईल छातीला बांधून. उद्यानाने प्रवेश बंदची पाटी लावली. पोरं तिच्यावर घामाचे टी-शर्ट वाळत घालायची.

काकूंनी वाट बुजवायला घेतली. वेडी बाभूळ तोडायची, दोरीने ओढत आणायची आणि उतारावर आडवी टाकायची. मी फांद्या ओढायला. काट्यांनी हात सोलून निघायचे आणि सोमवारी कारखान्यात पॅकिंगची पावडर लागली की डोळ्यांत पाणी यायचं. पुढच्या रविवारी गेलं की वाट साफ. पुन्हा टाकायचं. मिहिर म्हणून हार्दिकचा जवळचा मित्र होता. तो एकदा आडवाच आला.

"माशी, आम्ही त्याच्यासाठी करतो. त्याचं काही तरी राहायला नको?"

"त्याच्यासाठी करायचंय ना? मग त्याच्या आईकडे जाऊन जेवून ये. ती अजून त्याचं ताट वाढते."

मिहिर निघून गेला. पण वाट पुन्हा साफ झाली, आणि आठवडाभरातच भरतभाई स्वतः रावपुऱ्यात आले. चहा घेतला नाही. कप हातात धरून म्हणाले, पोरं चांगलं काम करतात, तुम्ही बंद करू नका. त्याचं लग्न झालं नाही, छोकरं नाही. नाव म्हणून जगात तेवढी एक जागा आहे.

मी दारात उभी होते.  काकूंनी त्यांच्या हातातला कप काढून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "रविवारी सकाळी या. एकदा बघा. मग तुम्ही सांगाल तसं. मी पुन्हा एक काडी टाकणार नाही."

भरतभाई गेल्यावर मी म्हटलं, "काकू, आणि ते चालू ठेवा म्हणाले तर?"

"तर चालू राहील. पोरगा त्यांचा होता."

रविवारी भरतभाई वर्कशॉपच्या खाकी शर्टातच आले. काकू त्यांना कोतरात घेऊन गेल्या आणि वळणाशी, रायणीखाली, दोघं बसले. मी जरा वर. पोरांना कोणी काही सांगितलं नव्हतं. रोजच्यासारखी ती उतरायला लागली. पहिला गेला तेव्हा ब्रेकची किंकाळी आली, खडे उडाले. भरतभाईंनी मान वळवली. "आ कोण?"

"मिहिर."

दुसरा आला तेव्हा ते उभे राहिले. तिसरा सागांच्या मधून सुटला आणि भरतभाई दोन्ही हात पसरून वाटेच्या मधोमध आले. पोरगा घसरत घसरत त्यांच्या पायाशी आडवा झाला. कोपर सोललं. भरतभाईंनी मारायला हात उगारला. तो हात तसाच वर राहिला थोडा वेळ. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्या पोराच्या कोपराला बांधायला लागले. गाठ बसेना. काकूंनी बांधून दिली.

"बेन," भरतभाई म्हणाले, "बंध करी दो."

नावाचा दगड त्यांनी स्कूटरवर पायापाशी ठेवून घरी नेला. त्या दिवशी पोरांनीच बाभळी ओढल्या. मिहिरने सगळ्यात जास्त. पावसाळ्यात गवत उठलं आणि वाट दिसेनाशी झाली.

काकूंनी त्यानंतर सायकल चालवली नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "घोडं म्हातारं झालं." पाऊस सरता सरता पोटाचं दुखणं निघालं, आणि ते निघालं तेव्हा पुष्कळ पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मी रजा टाकत, पाळ्या बदलून घेत त्यांच्याजवळ राहिले. दर रविवारी मात्र त्या मला तळ्यावर पाठवायच्या. परत आले की एकच विचारायच्या, "बंद आहे ना?"

"बंद आहे."

मग त्यांना झोप लागायची.

थंडी पडल्यावर काकू गेल्या. त्याच्या आधीच्या रविवारचं सांगते. त्या दिवशी मी गेले तर बाभळी जागच्या जागी होत्या, पण बाजूने ताजे टायर उमटलेले. कोणी तरी नवी पोरं असावीत, आम्ही न पाहिलेली. बाभळींना वळसा घालून त्यांनी दुसरीच वाट पाडली होती. मी ती पायी उतरून बघितली. येताना सगळा रस्ता ठरवत आले, काकूंना सांगायचं नाही.

काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "कुठून गेलेत?"

मी तांब्या भरायला वळले.

"सुनंदा. सागांच्या अलीकडून की पलीकडून?"

"अलीकडून. उजवीकडे."

"दाखव."

मी त्यांच्या पांघरुणावर बोटाने वाट काढली. त्यांनी आपलं बोट माझ्या बोटामागून हळूहळू नेलं. 

"खाली काय आहे?"

"माती. पाला आहे, बराच."

"दगड?"

"नाही. मी उतरून बघितलं, काकू. ओहोळापर्यंत जातच नाही ती."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. बाहेर कोणाचा तरी कुकर वाजत होता. मी पांघरूण सारखं करायला गेले तर त्या बोलल्या.

"पडतील तिथे."

"हो."

"हात मोडेल फार तर."

"हो, काकू."

"मोडू दे," त्या म्हणाल्या. "हात जुळतो. तिथे बाभळी टाकू नको."