बाबांच्या नावानं आलेली पत्रं

मस्कतच्या एका दवाखान्यात मी नर्स म्हणून गेले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझा पासपोर्ट दवाखान्याच्या ऑफिसातल्या कपाटात बंद, आणि रजा दोन वर्षांतून एकदा. दवाखान्याची गाडी क्वार्टरवरून न्यायची, क्वार्टरवर आणून सोडायची. नागपुरात महालातून सीताबर्डीपर्यंत भर उन्हात सायकल हाणलेली मुलगी मी. तिथं साधा साबण आणायचा तरी दोघीतिघींनी मिळून टॅक्सीची वाट बघायची.

शुक्रवारी सुटी असे. खोलीतल्या केरळच्या दोघींबरोबर मी समुद्राकाठी जाऊन बसे आणि घरची पत्रं पुन्हा वाचे. बाबांनी जन्मभर मागावर लुगडी विणली. पुढं हात थरथरायला लागले, म्हणून ते सांगत आणि माझा धाकटा भाऊ लिहून घेई. आईला अक्षरओळख नव्हती.

दुसऱ्या वर्षी बाबांचा खोकला वाढल्याचं कळलं. मी रजा मागितली. ऑफिसातल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "मुदत भरली की." मग पत्र आलं, खोकला थांबला, काम सोडून येऊ नको. माझा जीव भांड्यात पडला. त्याच सुमारास काकानं माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मला ते नको होतं. मुलाला मी ओळखत होते. स्वतःच्या बहिणीवर हात उगारताना त्याला पाहिलं होतं. हे मी फक्त बाबांना लिहिलं, पाकिटावर 'फक्त बाबांनी उघडणे' असं बजावून. उत्तर आलं: 'पोरी, मुलगा आता सुधारला आहे. माझ्या डोळ्यांदेखत तुझं होऊन जाऊ दे.' बाबांनी कधी काही मागितलं नव्हतं. मी होकार कळवला. रजेतच साखरपुडा ठरला.

विमानानं मुंबई, तिथून रेल्वेनं नागपूर. स्टेशनबाहेर आमच्याच गल्लीतला म्हातारा रिक्षावाला भेटला. त्यानं सामान चढवलं आणि पायडल मारता मारता म्हणाला, "बाई, बाबाच्या मातीले सारी गल्ली आली होती. तुम्हाले येता नाही आलं, लई वाईट वाटलं."

"कोणाच्या मातीला?"

त्यानं रिक्षा थांबवली. मागं वळून माझं तोंड पाहिलं आणि खाली उतरला. "तुम्हाले सांगतलं नाही का वं? पोळ्याच्या आधीच गेले ना ते."

आता संक्रांत होऊन गेली होती. बाबांचं शेवटचं पत्र मला दिवाळीनंतर मिळालं होतं. त्या स्थळाचं पत्रही पोळ्यानंतरचंच.

रस्ताभर मी रडले नाही. दात आवळून बसले होते. दारात भाऊ हसत पुढं आला, बॅग घ्यायला. मी दिली नाही.

"काहून लपवलं गा?"

"ताई, आत त चाल. लोक पाहून राहिले."

"पाहू दे. काहून लपवलं?"

"तुले कळवलं असतं त तू सारं सोडून आली असती. मातीले त पोहोचलीच नसती, अन् नोकरी गेली असती. काकाही हेच म्हणे."

"अन् 'तुझा बाबा' म्हणून सही कोण करून राहिलं होतं?"

त्यानं पुन्हा बॅगेकडे हात नेला.

"मुलगा सुधारला, हे कोण बोललं?"

"काकानं सांगतलं, म्या लिहिलं," तो पुटपुटला. "तुझ्या भल्यासाठीच ना, ताई."

मेलेल्या बापाच्या तोंडी शब्द घालून माझं भलं! मी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते या दोघांनी बसून वाचलं आणि त्यावर कुठली गोष्ट मला लागेल ते हेरून उत्तर लिहिलं. मी सामान दारातच टाकलं आणि काकाच्या घरी गेले. चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर सांगितलं, "साखरपुडा होणार नाही. ज्याले घाई असन त्यानं आपल्या पोरीचा करावा." काका ओरडला, दोन वर्षं परदेशात राहून माजली म्हणाला. मीही ओरडले. त्या दिवशी माझा आवाज शेजारच्या तीन घरांत गेला असेल.

घरी आई भिंतीला टेकून बसली होती. कुंकवाशिवाय मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "मले सांगायचं होतं वं," ती म्हणाली, "पण लिवणार कोण? ज्याले लिवाले सांगाव, तोच लपवून राहिला होता." तिच्यावरही मला राग आला, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी पहिल्यांदा रडले ते त्या रागातच.

उरलेली रजा मी बाहेर पडलेच नाही. पाटी आणली आणि आईला अक्षरं शिकवायला बसले. 'ळ' तिला जमेना; ती चिडे, मी त्याहून चिडे. मी निघाले तोवर ती जोडाक्षर टाळून चार ओळी लिहू लागली होती. पुढं तिची पत्रं तिच्याच हातची येत, निम्मी चुकीची, आणि आई ती स्वतः जाऊन पोस्टाच्या पेटीत टाके.

भाऊ बऱ्याच वर्षांनी म्हणाला, "ताई, चुकलं माझं." मी त्याच्या घरी जाते, जेवते, त्याच्या नातवंडांना खाऊ नेते. राग मात्र गेलेला नाही. तो जावा, असं मला वाटतही नाही.