बाबा आली

पहिलीच बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली होती आणि नवऱ्या मुलाची मावशी मला बजावत होती, "कासारीणबाई, एक जरी फुटली तरी मी हळदीचं ताट उचलून चालू लागेन."

लग्नघरात 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. तिनं मुद्दाम म्हटलं.

लालबागच्या चाळीतली खोली. दुसऱ्या दिवशी ताराचं लग्न. मी चुडा भरायला गेले होते. चुडा म्हणजे लग्नाच्या हिरव्या बांगड्या. आमच्याकडचा रिवाज असा, की आधी नवरीच्या आईचा हात भरायचा, मग नवरीचा. ताराची आई ती लहान असतानाच गेलेली. म्हणून मी आल्या आल्या विचारलं, "पहिला हात कुणाचा?"

तारा दाराकडे बघत म्हणाली, "थांबा जरा, बाबा आली की सुरू करू."

मला वाटलं, जीभ घसरली. पण आली ती खरंच. हिरवं लुगडं, कपाळाला भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ. पूर्वी गिरणीत कापड विणायचे साचे चालवणारा गंगाराम. यल्लम्मा देवीला वाहिलेला, लुगडं नेसणारा जोगता झाल्यापासून गंगा.

मावशी उसळली. "बाप्याला बांगड्या? अहो, मोर्चेवाले मंत्र्यांना बांगड्या पाठवतात, ते काय मान म्हणून?"

"मंत्र्यांना नको असतात," तारा म्हणाली. "हिला हव्यात. आधी बाबाचा हात. नाहीतर माझाही पुढं येणार नाही."

मावशी बसली, पण ताट हातात धरून, ती अट घालूनच.

माझ्या बॅगेत सगळ्यात मोठी साइज पावणेतीनची. हरताळामुळे बाजार बंद, दुसरा माल मिळणार नव्हता. साबणाचं पाणी लावलं. जाईना. हाड मोठं होतंच, पण घाबरून गंगानं हात लाकडासारखा ताठ केला होता. अशा वेळी आम्ही गिऱ्हाइकाला बोलतं करतो. बोलायला लागलं की माणूस हात विसरतं.

मला विचारायचं होतंच. "काय गं गंगा, ही तुला बाबा म्हणते आणि आली म्हणते. हे कसं काय?"

"मी म्हटलं हुतं, आई म्हण," ती म्हणाली. "तर म्हणाली, आई माझी मेली, दुसरी नको. तू बाबाच."

"मग?"

"मग काय. एक दिवस शाळेतनं न्यायला गेले, तर ही मैत्रिणींना वरडून सांगतीया, माझी बाबा आली! पोरी हसल्या. हिनं पुन्यांदा तसंच सांगितलं." गंगा हसली. "अर्धं तिचं ठेवलं, अर्धं माझं."

तेवढ्यात बांगडी मनगटात गेली होती. तिला कळलंही नाही.

दोन्ही हात भरले. एकही वाढवली नाही. मावशीनं ताट खाली ठेवलं, तोंड मात्र वाकडंच.

मग ताराचा हात धरला. शेलाट्या पोरीला सव्वादोन बसेल असा माझा अंदाज. बसेना. अंगठ्याखाली तेच हाड. अडीचशिवाय गेली नाही.

"बघा मावशी," मी म्हटलं, "मुलगी कुणाची ते."

मोर्च्यांच्या त्या वर्षांत मंत्र्यांना पाठवायला लोकांनी माझ्याकडून कितीदा तरी बांगड्या नेल्या. माप एकानंही विचारलं नाही. बांगड्या घालायच्या असतील तरच माप लागतं.