आज तो कुणाला काय म्हणेल?

टोकियोत, निशी-कसाईला आल्यावर पहिली काही वर्षं मी घरीच होते. नंतर जपानीच्या परीक्षा दिल्या आणि परदेशी बातम्यांच्या व्हिडिओंना जपानी सबटायटल्स देणाऱ्या एका कंपनीत लागले. माझ्या वाट्याला एका मोठ्या देशाचा नेता आला. हा माणूस भाषणात कुणालाही काहीही म्हणायचा. पत्रकार, विरोधक, एकदा तर स्वतःचाच मंत्री. जपानीत शिव्या कमी. प्रत्येक वेळी 'बाका', म्हणजे मूर्ख, एवढंच लिहून कसं भागणार? म्हणून मी त्याचं बोलणं फार कान देऊन ऐकायचे. पुढेपुढे मला आधीच कळायला लागलं. कुणाचा तरी उद्धार करायचा असला की तो पाण्याचा घोट घ्यायचा आणि डावा खांदा जरासा उडवायचा.

ही गंमत मी सांगितली ती समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीला. तीही पुण्याची. आमच्या मुली एकाच शाळेत, त्यामुळे त्यांना सोडून परत येताना आम्ही सायकली हातात धरून बोलत यायचो. नवऱ्याला माझ्या कामात काही रस नव्हता. हिला मात्र वाटला.

"आज बोलणारे का गं तो?" ती विचारायची.

"हो, कारखानदारांसमोर."

"मूड कसा असेल? कुणाला जोकर म्हणेल असं वाटतं?"

मी अंदाज सांगायचे आणि बहुतेक वेळा तो खरा व्हायचा. कुणीतरी आपलं ऐकतंय याचंच मला बरं वाटायचं.

खटकलं ते एका साध्या प्रश्नावरून. "जोकर म्हणेल की विदूषक?" तिने विचारलं. मी हसले, "काय फरक पडतो?" ती हसली नाही. "फरक पडतो गं," म्हणाली आणि लगेच मुलींच्या डब्याचा विषय काढला.

त्यानंतर मी तिच्याकडे बघायला लागले. मी बोलत असताना ती फोनवर काहीतरी करायची. मी थांबले की तिचं बोट थांबायचं. घरी मी नवऱ्याला म्हटलं, "ती माझं बोलणं कुणाला तरी कळवते." त्याने मला वेड्यात काढलं. पण दोन दिवसांनी ऑफिसमधून आल्यावर स्वतःच म्हणाला, "अगं, अशा साइट्स असतात. नेता अमुक शब्द बोलेल की नाही, यावर लोक पैसे लावतात. शब्द तोच लागतो, दुसरा चालत नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिला सरळ विचारलं.

"मग काय झालं?" ती म्हणाली. "मी काय त्याला शिव्या द्यायला सांगते? त्या तो देणारच आहे."

"इथे हे चालतं का? व्हिसाचा विचार केलास? आणि त्यात मला का ओढलंस?"

"तुझं नाव कुठे आहे त्यात? बरं, नाही करत. पण आजचं एवढं सांग. आज काही बोलेल?"

त्या दिवशी त्याचं भाषण पुरात गेलेल्यांच्या शोकसभेत होतं. मी वैतागून म्हटलं, "आज कसा बोलेल? शोकसभा आहे!"

भाषणात तो तसं काही बोललाही नाही. शांतपणे वाचलं, कागद मिटले, पायऱ्यांपर्यंत गेला. आणि मग परत माइकपाशी येऊन एका पत्रकाराला "जोकर" म्हणाला. बस, एवढंच. मी तो भाग पुन्हा पुन्हा मागे घेऊन पाहिला. पाणी नाही, खांदा नाही, चेहऱ्यावर रागाचं नावही नाही. जाताजाता दुकानातून राहिलेलं दूध आणावं, तसा शब्द टाकून गेला. त्या शब्दाची त्याला कुणी आठवण करून दिली होती का? की मीच आता सगळीकडे तेच शोधत होते?

संध्याकाळी ती दारात उभी. चपलाही काढल्या नाहीत.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मला नाही म्हणून सांगितलंस आणि स्वतः पैसे लावलेस."

"मी? अगं, मला त्या साइटचं नावही माहीत नाही!"

"तुझा अंदाज चुकतो कधी?"

मी किती सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. त्यानंतर ती मुलीला दुसऱ्या रस्त्याने नेऊ लागली.

उद्या कुठून काही बाहेर यायला नको म्हणून मी आमच्या विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. फार सज्जन माणूस. त्यांनी शांतपणे ऐकलं. यात कंपनीचा काही प्रश्न नाही, तुमचीही चूक नाही, असं म्हणाले. मी उठले, तेव्हा चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तो खांदा... डावा म्हणालात ना?"

कदाचित त्यांना नुसतं कुतूहल असेल. पण मी म्हटलं, "नाही, उजवा," आणि वाकून बाहेर आले. दुसऱ्या नेत्याचं काम मागून घेतलं. हा नवा माणूस मत्स्यपालनावर बोलतो.

वर्षभरात मैत्रिणीच्या नवऱ्याची ओसाकाला बदली झाली. निघताना ती भेटली नाही. मुली मात्र अजून रविवारी व्हिडिओवर बोलतात, सगळं जपानीत, भराभर. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत असते. परवा तिकडून मैत्रिणीचा आवाज आला तशी मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. ती मुलीला जेवायला बोलावत होती.